रंग आला नाही

संपादकांच्या पत्रात 'आरोग्यसेवेतील आपले अनुभव' असे शब्द होते. मी उलट टपाली कळवलं की सेवाबिवा काही नाही, मी तीस वर्षं लोकांची लघवी तपासली, त्याबद्दल लिहू का? त्यांनी लिहिलं, जरूर लिहा, फक्त शीर्षकात तो शब्द नको. दिवाळीचा अंक आहे, घरोघरी फराळाच्या ताटाशेजारी पडलेला असतो. त्यांचा मान राखला आहे. आत मात्र तो शब्द पदोपदी येणार. ज्यांना चकली खाताना चालत नसेल त्यांनी आधी चकली संपवून घ्यावी.

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, पुढे वाचाल तेव्हा कारण कळेल. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात वर्षभर हे काम शिकून आले होते. इथे मला मागच्या अंगाची एक खोली मिळाली. त्यात पूर्वी सरपण ठेवायचे. वीज नव्हती. सूक्ष्मदर्शक खिडकीत ठेवायचा आणि त्याच्या आरशानं उजेड आत घ्यायचा. ढग आले की काम थांबलं. स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या, लघवीचा गाळ खाली बसवायला हातानं गरगरा फिरवायचं एक यंत्र आणि मी, एवढी आमची प्रयोगशाळा.

गावानं मला नाव ठेवलं 'मुताची बाय'. बाजारात भाजीवाली माझ्या पिशवीत भाजी वरूनच टाकायची, हाताला हात लागू नये म्हणून. हळदीकुंकवाची बोलावणी शेजारच्या घरापर्यंत येऊन परत फिरायची. माझं लग्न झालं नाही, त्याचंही कारण लोकांनी माझ्या बाटल्यांमध्ये शोधलं. मी दिवसातून जितक्या वेळा साबणानं हात धुवायची तितके त्यांनी महिन्यात धुतले नसतील. पण हे कुणाला ऐकवत बसले नाही. रात्री कळ आली, जळजळ झाली, की सकाळी हेच लोक पदराखाली बाटली लपवून माझ्या खिडकीशी यायचे आणि मग मी 'बाई, जरा बघता का' व्हायची.

बाटल्यांचं तर एक वेगळंच पुराण आहे. खोबरेल तेलाची, खोकल्याच्या औषधाची, अत्तराची, जी हाताला लागेल ती बाटली लोक आणायचे. एकदा एक सुपारीचे बागाईतदार मोठ्या ऐटीत बाटली घेऊन आले. आतली लघवी जांभळट लाल. मी घाबरले, रक्तच असणार म्हणून दोनदा तपासलं. रक्ताचा थेंब नाही. वास घेतला, तर कोकमाचं आगळ. घरच्यांनी आगळाची बाटली विसळली होती, म्हणजे त्यांच्या मते विसळली होती. मी त्यांना बाटली परत दिली आणि म्हटलं, काका, तुम्हाला काही झालेलं नाही, तुमच्या बाटलीला झालंय.

सांगायचं ते हे की लघवी खोटं बोलत नाही, पण ती ज्या वाटेनं माझ्यापर्यंत येते ती वाट बोलते. हे मला कुणी शिकवलं नाही. ते शिकायला मला एक चूक करावी लागली, आणि ती चूक मी एकटीनं केलेली नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमचे डॉक्टर मुंबईहून एक नवीन औषध घेऊन आले. दोन बाटल्या, त्यांतले थेंब लघवीत टाकायचे. दोन मिनिटांत गुलाबी रंग आला तर लघवीत जंतू, नाही आला तर लघवी स्वच्छ. डॉक्टर भले माणूस होते, हे आधीच सांगून टाकते. एकटा माणूस, ओसरीवर रोजची जत्रा. माझं सूक्ष्मदर्शकाचं काम म्हणजे एका बाटलीमागे अर्धा तास. दोन मिनिटांचं औषध मिळाल्यावर त्यांना आनंद झाला यात नवल नाही. त्यांनी नियम केला की आधी रंग बघायचा आणि कागद लगेच आत पाठवायचा. 'रंग आला' किंवा 'रंग आला नाही', एवढंच लिहायचं. बाकीची तपासणी वेळ उरला तर.

त्या थंडीत एक दिवस जानकीबाय नावाची कोळीण आली. तिचा कोळीवाडा खाडीपलीकडे, आधी होडी, मग एसटी. तिची सून हिरा सातव्या महिन्यात होती आणि तिला उन्हाळी लागली होती. लघवीला जळजळ होते त्याला आपल्याकडे उन्हाळी म्हणतात. या शब्दानं आमच्या भागात फार नुकसान केलं आहे. उन्हाळी म्हटलं की तो आजार वाटतच नाही, ऊन बाधल्यासारखं वाटतं. धण्याचं पाणी प्यायचं, सब्जा भिजवायचा आणि कामाला लागायचं.

"घडी घडी जाते न् रडते," जानकीबाय म्हणाली. "थंडी वाजून ताप बी येतो. बोंबील सुकवायचं दिवस, न् ही घोंगडी घेऊन निजलेली. सोंग हाय का खरा हाय ता बघून सांगा."

बाटली स्वच्छ होती. मी थेंब टाकले, रंग आला नाही. नियमाप्रमाणे कागद आत गेला. डॉक्टरांनी सांगितलं, लघवीत काही नाही, हिवताप असेल, आणि हिवतापाच्या गोळ्या दिल्या. जानकीबाय बाहेर येऊन ओसरीवर पान लावत बसली. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं.

मला तेवढ्यात वेळ मिळाला म्हणून मी उरलेल्या लघवीत काचेची तरंगणी सोडली. लघवी जितकी दाट तितकी ती वर राहते आणि तिच्यावरचे आकडे वाचायचे. ती इतकी वर आली की आकडेच संपले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशी सुकटासारख्या आक्रसून गेलेल्या. मी बाहेर गेले.

"मावशी, यात काय घातलंत?"

"काय न्हाय."

"काहीतरी घातलंय."

तिनं चुना बोटावर घेतला आणि शांतपणे सांगितलं, "मूठभर मीठ टाकलाय. होडी, मंग यष्टी, वर ऊन. नासंल ना बाय."

मी तिच्यावर ओरडणार होते, पण ओरडता येईना. जन्मभर तिनं जे जे टिकवलं ते मिठानंच टिकवलं होतं. आणि तिचं एका अर्थी बरोबरच होतं, मिठात जंतूंचं काही चालत नाही. पण मला तर जंतूच बघायचे होते. मी म्हटलं, ही तपासणी फुकट गेली, सुनेला इथे घेऊन या.

"डागतर बोलला काय न्हाय. पोटुशी पोर, तिला पाण्यातून आनू कशाला?"

"मी सांगते म्हणून आणा. डॉक्टरांना मी बघते."

डॉक्टरांना बघण्याची माझी काय ताकद होती ते मलाच माहीत. पण तिसऱ्या दिवशी ती सुनेला घेऊन आली. माझ्या शब्दाखातर नव्हे, ताप उतरेना म्हणून.

हिरा वीस-बावीसची असेल. डोळे तापानं लाल, हात कमरेवर, उजव्या कुशीत दुखतंय म्हणाली. नंबर येईपर्यंत ती पाच वेळा परसात जाऊन आली. मी तिला आत घेतलं, स्वच्छ धुवायला पाणी दिलं आणि उकळलेली बाटली हातात दिली. आता धार कशी धरायची हे कसं सांगायचं? शिकताना इंग्रजी शब्द शिकले होते, ते इथे काय कामाचे? मी म्हटलं, "विहिरीवर गेलीस की पहिला पोहरा ओतून देतेस ना? तसंच करायचं. पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत धरायची, शेवटची परत सोडायची." ती तेवढ्या दुखण्यातही हसली.

थेंब टाकले. रंग आला नाही.

पण सूक्ष्मदर्शकाखाली पुवाच्या पेशींचे ढीगच्या ढीग पडले होते. मी कागद न पाठवता स्वतः आत गेले.

"पू भरपूर आहे, साहेब."

"रंग?"

"नाही आला."

"मग संपलं. बायकांच्या लघवीत पू दिसतोच. अंगावरून जातं, त्याचा असतो. तुम्हाला माहीत आहे हे."

मला माहीत होतं, आणि ते खरंही आहे. म्हणून तर मी मधली धार घेतली होती. तसं सांगितलं.

"मधली धार," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बघायला उभ्या होतात?"

"होते."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सुमतीबाई, दोन वेळा तपासलं, दोन्ही वेळा स्वच्छ. नवीन शास्त्र आहे हे. गोळ्या वाढवून देतो, तीनच्या गाडीनं जाऊ दे त्यांना."

पहिल्या बाटलीत मीठ होतं म्हटलं, तर 'दुसरीत तर नव्हतं ना,' म्हणाले. मी खोलीत परत आले. राग तर होताच, पण रागानं जंतू सिद्ध होत नाहीत. मी खण उघडला आणि औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद काढला. इंग्रजी बारीक अक्षर. पहिल्याच दिवशी मी तो वाचला होता, शब्दकोश घेऊन. त्यात लिहिलं होतं की सकाळी उठल्यावरची पहिली लघवी वापरावी. का, ते लिहिलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं. महिनोन् महिने मी आली ती बाटली, आली त्या वेळी, त्यात थेंब टाकत होते.

आता बसून विचार केला. रंग कशानं येतो तेवढं कागदात होतं. भाजीपाल्यातून आणि पाण्यातून एक क्षार आपल्या लघवीत उतरतो. जंतू त्या क्षाराला बदलतात आणि त्या बदललेल्या क्षारामुळे औषधात रंग येतो. म्हणजे औषधाला जंतू दिसतच नाहीत, जंतूंनी केलेलं काम दिसतं. आणि काम करायला त्यांना वेळ लागणार. रात्रभर लघवी आत साठली तर त्यांना वेळ मिळतो, म्हणून सकाळची पहिली. पण जिला पाच-पाच मिनिटांनी पळावं लागतं, तिच्या पोटात लघवी थांबतेच कुठे? जंतू असतात, काम झालेलं नसतं. म्हणजे बाई जितकी जास्त आजारी, तितकी ती या औषधाला निरोगी दिसायची.

हे कळलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, एवढं आठवतं.

दहा वाजले असतील. हिराची उरलेली लघवी मी उकळलेल्या नळीत घातली आणि कापसाचा बोळा बसवला. मग मी स्वतः परसात गेले, तसंच धुतलं, तशीच मधली धार धरली आणि दुसऱ्या उकळलेल्या नळीत घातली. हिराच्या नळीला लाल दोरा, माझ्या नळीला पांढरा. दोन्ही शेजारी शेजारी खिडकीपाशी उभ्या केल्या. जंतूंना पोटात वेळ मिळत नसेल तर नळीत द्यायचा, एवढाच विचार.

जानकीबाय दोनदा येऊन गेली. गाडी चुकेल, परतीची होडी चुकेल, घरी मासळी पडलेय. मी म्हटलं, दोन वाजेपर्यंत थांबा. ती माझ्या उंबऱ्यावर बसली आणि त्या दोन नळ्यांकडे बघत राहिली.

"ह्यात काय शिजतंय बाय?"

"तुमची सून सोंग करते का ते."

 तिनं हातांकडे बघत सांगितलं, "पयला पोर आठव्यात गेला तिचा. तवा बी अशीच उन्हाळी व्हती. मी धन्याचा पानी पाजला."

 लघवीचा असा जंतू वर चढला, मूत्रपिंडाला गेला, ताप भरला, की दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होतात हे मी रुग्णालयात पाहिलं होतं. सातवा महिना लागला होता. तीनच्या गाडीनं ती हिवतापाच्या गोळ्या घेऊन गेली असती, तर हेही मूल गेलं असतं, आणि कदाचित तीही.

दोन वाजता दोन्ही नळ्यांत थेंब टाकले. पांढरा दोरा तसाच राहिला. लाल दोऱ्याची नळी बघता बघता गुलाबी झाली.

मी दोन्ही नळ्या घेऊन ओसरी भरलेली असताना आत गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या.

"ही हिराची. सकाळची. तुम्ही स्वच्छ म्हणालात ती."

त्यांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चार तास ठेवलीत? लघवी शिळी झाली की रंग येणारच."

"ही दुसरीही तेवढीच शिळी आहे. तिला नाही आला."

"ही कुणाची?"

"माझी."

बाकावरचा एक म्हातारा मोठ्यानं हसला. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी दोन्ही नळ्या उचलल्या, खिडकीशी नेल्या आणि बराच वेळ उजेडात धरल्या. हे मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगत आले आहे. फेकून देऊ शकले असते, फेकल्या नाहीत. परत येऊन त्यांनी हिराच्या कागदावरची हिवतापाची ओळ खोडली, जंतूंवरच्या सल्फाच्या गोळ्या लिहिल्या, घागरभर पाणी प्यायला सांगितलं आणि तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. नववा महिना भरून हिराला मुलगी झाली. जानकीबायनं माझ्यासाठी बोंबलांची एक जुडी पाठवली आणि निरोप, की मुताच्या बायला सांगा, मीठ बेतानं घातलाय.

इथे गोष्ट संपली असं मलाही वाटलं होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, आता कागदावर एक ओळ वाढवू या, की रंग आला नाही म्हणजे आजार नाही असं नव्हे. ते म्हणाले, "अशानं लोकांचा कागदावरचा विश्वास उडेल. एका बाईवरून नियम बदलत नाही." आवाज चढवला नाही, पण विषय संपवला.

एका बाईवरून नाही तर किती बायांवरून, हे बघायला मी मागची वही उघडली. औषध आल्यापासून ज्यांना ज्यांना 'रंग आला नाही' लिहिलं होतं, त्यांतल्या ज्या बायांनी सारखं जावं लागतं अशी तक्रार सांगितली होती, त्यांची नावं उतरवून काढली. रविवारी रविवारी त्यांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर बहुतेक जणी आपोआप बऱ्या झाल्या होत्या. एकीनं मुंबईला जाऊन औषध घेतलं होतं. एकीच्या नवऱ्यानं दारातूनच विचारलं की बोलावलं नसताना मुताची बाय घरात कशाला.

शेवटचं घर दिवेआगरकडच्या एका वाडीत होतं. अंगणात सुपारी वाळत घातली होती आणि एक कोवळी बाई ती पसरत होती.

"सुभद्राबाई आहेत का?" मी विचारलं.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मी त्यांच्या जागी आले," ती म्हणाली. "त्या गेल्या. श्रावणात. ताप डोक्यात गेला म्हणतात."

"औषध नव्हतं केलं?"

"तपासलं होतं ना. काही निघालं नाही. सासूबाई म्हणतात, कागद स्वच्छ होता, तरी कण्हायच्या. कागद दाखवून उठवावं लागायचं कामाला." मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती आत गेली आणि देवाच्या तसबिरीमागे खोचलेला तो कागद घेऊन आली. घडीवर हळदीचं बोट उमटलं होतं. आत माझं अक्षर होतं. तीन शब्द, खाली तारीख, खाली माझी सही.

"तुम्ही कोण त्यांच्या?" तिनं विचारलं.

 मी सांगितलं, "हा कागद मी लिहिलाय."  मी पाणी मागितलं नाही, तिनंही विचारलं नाही. कागद मात्र तिनं माझ्या हातातून परत घेतला नाही.

डॉक्टरांनी नियम केला, औषधाच्या कंपनीनं कारण छापलं नाही, घरच्यांना कागद सोयीचा होता, हे सगळं मी वाटेत स्वतःला सांगून पाहिलं. त्यातलं एकही खोटं नाही. पण सही माझी होती. त्या गावानं मला जी नावं ठेवली त्यांची मला कधी लाज वाटली नाही. त्या सहीची वाटली, अजून वाटते.

सोमवारी पहिल्या बाटलीपासून मी कागदावर खालची ओळ लिहायला सुरुवात केली, लाल शाईनं: 'रंग आला नाही. यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. बाईला विचारावे.' एक कागद गेला, दुसरा गेला, पाचवा गेला. सहाव्याला डॉक्टर स्वतः माझ्या दारात आले. हातात ते सगळे कागद होते.

"सुमतीबाई, हे कुणाच्या परवानगीनं?"

"सुभद्राबाईंच्या," मी म्हटलं, आणि पुढच्या बाटलीचं बूच काढलं.